बोनेटखालचा आडवा दांडा

हौसेनं गाडी बाळगणाऱ्या माणसानं बोनेट उचललं की इंजिनच्या वरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेला लाल, निळा किंवा चकचकीत रुपेरी दांडा पुष्कळदा दिसतो. मधे नळी, दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या, प्रत्येक पट्टीत दोन-तीन नट. एवढंच त्याचं रूप. याला स्ट्रट बार म्हणतात. स्विफ्ट, पोलो, आय-२०, जॅझ अशा छोट्या गाड्यांवर तो आवडीनं बसवला जातो, कारण खर्च आवाक्यातला असतो, काम तासाभराचं असतं आणि बोनेट उघडलं की केलेला खर्च डोळ्यांना दिसतो. विकणारे सांगतात की वळणावर गाडी झुकत नाही, घाटात पकड वाढते, स्टिअरिंग चटकन ऐकतं. यातलं एक विधान बऱ्यापैकी खरं आहे, एक परिस्थितीवर अवलंबून आहे आणि एक सरळ चुकीचं आहे. कोणतं कोणतं, हे कळायला त्या दांड्यावर बळ कुठून आणि कोणत्या दिशेनं येतं ते पाहावं लागतं. पाना हातात घेण्याआधी हे करायलाच हवं.

आजच्या छोट्या गाडीला वेगळी चेसिस नसते. ट्रकला किंवा बोलेरोला खाली लांब लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर बॉडी ठेवलेली असते. हॅचबॅकमध्ये पत्र्याची बॉडी हाच सांगाडा असतो. छप्पर, खांब, तळ, दारांखालच्या पेट्या, सगळं वेल्डिंगनं एकजीव केलेलं असतं. इटलीच्या लान्चिया कंपनीनं १९२२ साली लॅम्ब्डा या मोटारीत या वाटेवरचं मोठं पाऊल टाकलं आणि पुढं जवळजवळ सगळ्या छोट्या मोटारी तिकडेच वळल्या. ही रचना हलकी आणि मजबूत असते, पण जिथं मोठं भगदाड असतं तिथं ती कमी ताठ राहते. इंजिनची जागा म्हणजे झाकण उघडलेलं खोकंच. बोनेट वर असलं तरी ते बिजागऱ्यांवर टेकलेलं असतं, बळ पेलत नाही. आणि नेमक्या त्या खोक्याच्या दोन बाजूंवर पुढच्या शॉकअपची वरची टोकं बसलेली असतात.

ती तिथं येण्याचं श्रेय अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये शेवरोलेची एक हलकी गाडी तयार होत होती आणि मॅकफर्सन त्या कामाचा प्रमुख होता. तो प्रकल्प १९४७ साली गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्डकडे गेला. त्याची कल्पना अशी होती की चाकाला वर-खाली नेणारा वरचा आर्म काढून टाकायचा आणि ते काम शॉकअपलाच सांगायचं. खाली एक आर्म, वर थेट बॉडीत अडकवलेला स्प्रिंगसकट शॉकअप, म्हणजे स्ट्रट, झालं. ब्रिटनच्या फोर्डनं १९५० मध्ये लोकांसमोर आणलेल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमुळं ही रचना घरोघरी पोचली. आपल्याकडं कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढं वर-खाली असे दोन आर्म होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तिला पुढं मॅकफर्सन स्ट्रट होते. त्यानंतर इंडिका, स्विफ्ट, पोलो, फिगो, कुणाचंही पुढचं चाक काढून पाहा, तीच मांडणी दिसेल. सुटे भाग कमी, खर्च कमी, आणि आडव्या बसवलेल्या इंजिनाला जागा मोकळी. छोट्या मोटारीसाठी यापेक्षा सोयीची रचना अजून कुणी दिलेली नाही असं माझं मत आहे.

तिची किंमत मात्र बॉडीला मोजावी लागते. दोन आर्मच्या रचनेत चाकाकडून येणारा आडवा जोर जमिनीजवळच्या जाड भागांत जातो. मॅकफर्सनमध्ये त्यातला एक हिस्सा थेट वर, बोनेटच्या उंचीवर, पत्र्याच्या त्या उभ्या डबीत जातो जिला गॅरेजमध्ये टॉवर म्हणतात. टॉवर थोडा जरी हलला तरी शॉकअपचं वरचं टोक हलतं आणि चाकाचा उभा कल बदलतो. या कलाला कॅम्बर म्हणतात.

आता बळाचा हिशेब. तो नववी-दहावीतल्या तरफेच्या नियमानं करता येतो. माणसं धरून एक टनाची हॅचबॅक घ्या. अर्ल मॅकफर्सनच्या रचनेत चाकाचा खालचा सांधा जमिनीपासून साधारण २० सेंटिमीटरवर आणि शॉकअपचं वरचं टोक त्याच्याही वर ५५ सेंटिमीटरवर आहे असं धरू. ते वरचं टोक टायरच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर आत असतं असंही धरू. प्रत्येक गाडीत हे आकडे थोडे वेगळे असतील, पण फार वेगळे नाहीत.

प्रथम गाडी नुसती उभी आहे. एका पुढच्या चाकावर ३०० किलोचा भार आहे. टायर बाहेर आणि शॉकअपचं टोक आत असल्यानं जमिनीचा वर येणारा जोर त्या टोकाला आत ढकलतो. ३०० ला १५ नं गुणा, ५५ नं भागा, सुमारे ८० किलो येतात. म्हणजे गाडी अंगणात उभी असतानाही दोन्ही टॉवर एकमेकांकडं ८०-८० किलोनं दाबले जात असतात. स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्यात चाकावरचा भार क्षणभर दुप्पट-तिप्पट झाला की हा दाबही तितकाच वाढतो. दोन्ही टॉवर आत येऊ पाहतात आणि त्यांच्या मधे आडवा दांडा असेल तर तो सगळा दाब थेट अंगावर घेतो. एकीकडून जेवढं येतं तेवढंच दुसरीकडून येतं, दोन्ही दांड्यावर संपतं. हे त्याचं सगळ्यात चांगलं काम आहे.

आता वळण. समजा गाडी घाटात बऱ्यापैकी जोरात वळतेय आणि तिच्या वजनाच्या निम्म्याइतका, म्हणजे ५०० किलोचा, आडवा जोर टायर देत आहेत. त्यातले ३०० पुढच्या दोन चाकांवर, त्यातही वळणाच्या बाहेरच्या चाकावर २०० आणि आतल्या चाकावर १००. जमिनीवर आत ढकललेलं चाक खालच्या सांध्याभोवती फिरू पाहतं आणि त्याचं वरचं टोक वळणाच्या बाहेरच्या दिशेला रेटा देतं. बाहेरच्या टॉवरवर हा रेटा येतो सुमारे ७३ किलो, आतल्यावर ३६. नीट पाहा, दोन्ही रेटे एकाच दिशेला आहेत. दोन्ही टॉवर सोबतीनं एकाच बाजूला कलू पाहतात. त्यांना जोडणारा दांडा त्यांच्यातलं अंतर कायम ठेवतो, पण दोघं मिळून सरकले तर तो त्यांना कसा अडवणार? तो फक्त फरक वाटून देतो. दांडा अगदी न वाकणारा आणि दोन्ही टॉवर सारखेच ताठ आहेत असं धरलं तर बाहेरच्या टॉवरवरचे १८ किलो काढून तो आतल्याला देतो. ७३ चे ५५ होतात. बाहेरच्या टॉवरची हालचाल जवळपास पाव हिश्शानं कमी होते. फायदा खराच आहे, जाहिरातीतल्यापेक्षा बराच लहान आहे.

आणि ती हालचाल मुळात केवढी असते? टॉवर एक मिलिमीटर हलला तर ५५ सेंटिमीटर लांबीच्या हिशेबानं कॅम्बर बदलतो ०.१ अंश. त्याच वळणात गाडीची बॉडी स्वतः दोन-तीन अंश झुकलेली असते. त्यामुळं दांडा लावल्यानं टायरची पकड लक्षात येईल इतकी वाढते असं मला म्हणवत नाही. चालवणाऱ्याला जो फरक जाणवतो तो वेगळा आहे. स्टिअरिंग फिरवल्यापासून गाडीचं नाक वळेपर्यंत जो सूक्ष्म विलंब असतो त्यात बॉडीचं लवचिकपणही येतं, आणि ते कमी झालं की गाडी लवकर उत्तर देते. हात सरावलेले असतील तर हा फरक कळतो.

गाडी झुकत नाही हा दावा मात्र सोडूनच द्या. झुकणं थांबवतो तो अँटी-रोल बार. तो पीळ खाणारा वेगळा दांडा असतो, खालून दोन्ही चाकांच्या आर्मला किंवा स्ट्रटला लिंक रॉडनं जोडलेला. स्ट्रट बारला चाकाच्या वर-खाली होण्याशी काही देणंघेणं नाही. तो लावल्यावर गाडी कमी झुकते असं कुणी सांगितलं तर नावांचा घोटाळा झालाय असं समजा.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वळणात बाहेरच्या चाकाचा वरच्या टोकाला रेटा ७३ किलोचा, तर खालच्या आर्मला तो २७३ किलोचा. म्हणजे जवळजवळ पावणेचार पट. खालची बाजू सबफ्रेमवर असल्यानं मुळात ताठ असते, पण तिथले रबरी बुश झिजले तर वर कितीही जाड दांडा लावा, चाक खालूनच डुलत राहणार. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी टायर, मग लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड, मग शॉकअप आणि त्यांचे वरचे रबरी माउंट. हे सगळं शाबूत असेल तेव्हाच दांड्याचा विचार. पन्नास-साठ हजार किलोमीटर खडबडीत रस्त्यांवर धावलेल्या गाडीला दांड्यापेक्षा नवे बुश जास्त सुख देतात.

या दांड्याचा पूर्वजही खराब रस्त्यासाठीच जन्मला होता. साठच्या दशकात अमेरिकन फोर्डच्या फाल्कन आणि मस्टँग या गाड्यांत स्प्रिंगा वरच्या आर्मवर, उंच टॉवरमध्ये बसवलेल्या असत. मॅकफर्सन नव्हे, पण टॉवरवर येणारा भार त्याहून मोठा. वापरानं ते टॉवर हळूहळू आत झुकत. जुन्या मस्टँग दुरुस्त करणाऱ्यांना हे दुखणं आजही पाठ आहे. परदेशातल्या खडतर रस्त्यांवर जाणाऱ्या गाड्यांसाठी फोर्डनं दोन्ही टॉवर मागच्या भिंतीला, म्हणजे फायरवॉलला, एकत्र बांधणारा एक जाड पत्र्याचा भाग बनवला. त्याचं नावच एक्स्पोर्ट ब्रेस. टॉवर ते टॉवर जाणाऱ्या आडव्या दांड्याला मोंटे कार्लो बार म्हणू लागले, कारण फोर्डनं फाल्कन गाड्या त्या नावाच्या रॅलीत उतरवल्या होत्या. १९६४ च्या मोंटे कार्लो रॅलीत फाल्कन दुसरी आली, पहिली आली ती पॅडी हॉपकर्कची मिनी कूपर एस. १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० मस्टँगला ब्रेस आणि बार दोन्ही बसवलेले होते.

या जोडीतली हुशारी वरच्या हिशेबावरून समजते. आडवा बार टॉवरांना एकमेकांकडं येऊ देत नाही. भिंतीला बांधलेला ब्रेस दोघांना सोबतीनं बाजूला सरकू देत नाही, कारण तिथं त्रिकोण तयार होतो. चौकोन सांध्यांत कलतो, त्रिकोण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय कलत नाही. पूल बांधणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून दोन टोकांच्या बारपेक्षा मागच्या भिंतीला तिसरं टोक दिलेला बार वळणात जास्त काम करतो.

मग आपल्या हॅचबॅकला तिसरं टोक का दिसत नाही? बऱ्याच छोट्या गाड्यांत ते जन्मजात असतं. इंजिन आडवं, नाक आखूड, त्यामुळं टॉवर मागच्या भिंतीला आणि काचेखालच्या आडव्या पेटीला, म्हणजे काउलला, जवळजवळ चिकटलेले असतात. ती बंद पेटी स्वतःच एक उत्तम स्ट्रट बार आहे. बोनेट उघडा आणि पाहा. शॉकअपची टोकं वायपरच्या प्लॅस्टिक झाकणाखाली गेलेली दिसली, तर कंपनीनं तुमचं काम आधीच केलेलं आहे आणि तुमच्या पैशांतून मिळणारा फायदा फार थोडा आहे. टॉवर भिंतीपासून चांगले हातभर पुढं, इंजिनच्या दोन्ही बाजूंना सुटे उभे असतील, तर बारला करण्यासारखं काम आहे. लांब नाकाच्या, इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या गाड्यांत हे बार कंपनीकडूनच दिसतात, त्याचं कारण हेच.

अंदाजावर न राहता मोजताही येतं, आणि मला हा प्रयोग फार आवडतो. एकात एक सहज सरकतील अशा दोन हलक्या नळ्या घ्या. एकीचं टोक डाव्या टॉवरच्या नटाजवळ, दुसरीचं उजव्या टॉवरजवळ घट्ट बांधा. आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या तोंडाला टेकून, एक रबरी रिंग चढवा. टॉवर जवळ आले की बाहेरची नळी रिंगला पुढं ढकलेल आणि रिंग तिथंच राहील. आता नेहमीच्या वाटेवर, वरंध किंवा कुंभार्लीसारख्या घाटात, ठरलेल्या वेगानं एक फेरी मारा आणि रिंग किती सरकली ते मोजपट्टीनं पाहा. बोनेट बंद होतंय आणि नळ्या पट्ट्याला किंवा पंख्याला लागत नाहीत एवढी काळजी घ्या. रिंग जागची हलली नसेल तर पैसे टायरला ठेवा. दीड-दोन मिलिमीटर सरकली असेल तर बार घ्या. मात्र त्याआधी टॉवरच्या कडेची वेल्डिंग तडकलेली नाही, आतून गंज चढलेला नाही हे तपासा. कोकणात किनाऱ्याजवळ राहणाऱ्या गाड्यांत तर हे तपासायलाच हवं. तडा गेलेल्या टॉवरवर बार लावणं म्हणजे दुखणं झाकणं. त्याला पत्र्याचं काम करणारा कारागीरच हवा.

घ्यायचं ठरलं की पहिली कसोटी आकाराची. बार सरळ हवा. ही गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की तिच्यासाठी थोडं गणित सोसा. २५ मिलिमीटर जाडीची, २ मिलिमीटर भिंतीची, ९० सेंटिमीटर लांबीची पोलादी नळी घ्या. तिच्या टोकांवर १०० किलोचा दाब आला तर सरळ नळी दबते फक्त ०.०३ मिलिमीटर. आता इंजिनच्या झाकणाला वाट देण्यासाठी हीच नळी मधल्या ६० सेंटिमीटरमध्ये ५ सेंटिमीटर वर उचलून वाकवलेली आहे आणि टोकं सांध्यावर फिरू शकतात असं धरा. त्याच दाबाला ती देते जवळपास ०.८ मिलिमीटर. पंचवीस पटींहून जास्त फरक! सरळ नळी दाबून आखूड करावी लागते, वाकवलेली नळी नुसती आणखी वाकते. बाजारात कमानीसारखे सुंदर वळण घेतलेले बार भरपूर मिळतात. वळण जितकं मोठं तितका तो शोभेचा. इंजिनमुळं वळण टाळताच येत नसेल तर नळी बरीच जाड हवी आणि टोकांच्या पट्ट्यांना अखंड वेल्ड केलेली हवी.

दुसरी कसोटी टोकांची. काही बारमध्ये नळी आणि पट्टी एकाच आडव्या बोल्टनं जोडलेली असते. तो सांधा थोडा ढिला झाला की नळीच्या सगळ्या ताठपणावर पाणी पडतं, कारण आपण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांच्या गोष्टी करतोय आणि बोल्टच्या भोकातली जागाच त्यापेक्षा जास्त असते. पट्टीही जाड हवी. पातळ पत्रा दुमडून केलेली पट्टी स्वतःच उघडझाप करते. नळीची रेषा टॉवरच्या माथ्याच्या जितकी जवळ तितकं चांगलं, उंच उभ्या पट्टीवर चढवलेली नळी टाळावी.

धातूचा मुद्दा यानंतर येतो. पोलाद आणि अॅल्युमिनियम यांत पोलाद सुमारे तिप्पट ताठ आणि सुमारे तिप्पट जड. त्यामुळं सारख्या मापाची अॅल्युमिनियमची नळी तिप्पट लवते. जाड भिंतीची मोठी अॅल्युमिनियमची नळी चालते, पण इंजिनवर जागा कुठं असते? छोट्या गाडीला साधी पोलादी नळी उत्तम. जपानची कुस्को, मलेशियाची अल्ट्रा रेसिंग या कंपन्यांचे बार ठरावीक गाड्यांच्या मापाचे मिळतात आणि भोकं बरोबर जुळतात हा त्यांचा मोठा फायदा. पण गावातला चांगला फॅब्रिकेशनवाला तुमच्या गाडीवर माप घेऊन सरळ नळी आणि पाच मिलिमीटरची पट्टी नीट वेल्ड करून देत असेल, तर तो बार वाकड्या परदेशी बारपेक्षा सरस ठरेल, याबद्दल मला शंका नाही.

बसवताना गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर उचलू नका. चाकं लोंबकळत असताना तो ८० किलोचा दाब नाहीसा झालेला असतो आणि टॉवर किंचित उघडलेले असतात. तेव्हा बसवलेला बार गाडी खाली आल्यावर दबलेल्या अवस्थेत राहतो आणि टॉवर कंपनीनं ठरवलेल्या जागी परत येत नाहीत. शिवाय गाडी उचललेली असताना टॉवरचे नट काढले तर अख्खा स्ट्रट खाली सरकतो.

शॉकअपच्या मधोमध असलेला मोठा नट कधीही, कोणत्याही कारणानं सोडायचा नाही. त्याच्याखाली दाबून धरलेली स्प्रिंग असते आणि ती सुटली तर माणूस गंभीर जखमी होतो. आपलं काम फक्त माउंटच्या कडेनं असलेल्या दोन-तीन छोट्या नटांशी. ज्या गाडीत असे नट नाहीत आणि मधला एकच नट आहे, तिथं बार मधल्या नटाखाली अडकवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अशा गाडीसाठी टॉवरच्या पत्र्याला वेगळे ब्रॅकेट लागतात आणि ते काम जाणत्या माणसाचं.

नट काढण्याआधी माउंटची जागा मार्करनं आखून घ्या. भोकं स्टडपेक्षा किंचित मोठी असतात आणि माउंट जरा सरकलं तरी अलाइनमेंट बिघडतं. टॉवरच्या माथ्यावरची माती, जुना सीलंट, रंगाचे फुगे साफ करा म्हणजे पट्टी पत्र्यावर सपाट बसेल. पट्टी पाच मिलिमीटर जाड असेल तर स्टडचे तेवढे आटे कमी होतात. नट पूर्ण बसून वर निदान दोन आटे दिसायला हवेत. दिसत नसतील तर तो बार तुमच्या गाडीचा नाही, परत करा. सगळे नट आधी हातानं लावा, मग टॉर्क रेंचनं गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. हे नट लहान असतात. लांब पान्यानं अंगाचा जोर काढला तर स्टड तुटतो आणि तासाभराच्या कामाचे दोन दिवस होतात. जुने नायलॉक नट पुन्हा न वापरता नवे घ्या.

बारला मधे फिरवून लांबी बदलायची सोय असेल तर मोह आवरा. टॉवरच्या पट्ट्या आवळून झाल्यावर मधला भाग बोटांनी ढिलाई संपेपर्यंत फिरवायचा आणि लॉक नट आवळायचा, इतकंच. पान्यानं आणखी दोन वेढे देऊन टॉवर ढकलले तर कॅम्बर बदलतो, पत्र्यावर कायमचा ताण राहतो आणि हातात काहीच येत नाही.

मग जागा तपासा. चालू इंजिन माउंटिंगवर हलतं, क्लच सोडताना तर चांगलंच. बार आणि इंजिन यांच्यात निदान दोन बोटं जागा हवी. बारवर दोन-तीन ठिकाणी कणकेचे गोळे ठेवा, बोनेट सावकाश बंद करा, उघडा आणि गोळा किती चपटा झाला ते पाहा. इथं मी कंजूषपणा करू देणार नाही. बोनेट आणि इंजिन यांच्यातली पोकळी पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर पत्र्याला दबायला वाव मिळावा म्हणून मुद्दाम ठेवलेली असते आणि भारतातही पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी एआयएस-१०० हे मानक आहे. बोनेटला जवळजवळ चिकटणारा बार माझ्या मते लावूच नये. डिपस्टिक, ऑइलचं झाकण, ब्रेक ऑइलची टाकी, बॅटरी, सगळ्यापर्यंत हात पोचतोय हेही बघा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट ठामपणे सांगितली आहे. नटांवर बसणारा आणि काढता येणारा बार इंजिन, रंग, आसनं असल्या तपशिलांना हात लावत नाही. तरी विमा कंपनीला लेखी कळवा आणि वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. टॉवरला भोकं पाडणं किंवा वेल्डिंग करणं वॉरंटीतल्या गाडीवर अजिबात नको. दोन्ही टॉवर जोडलेले असले की एका बाजूच्या टकरीचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचू शकतो, हेही मनात धरून चाला.

मागच्या टॉवरचे बारही विकले जातात. निसानच्या ३५०-झेडच्या डिकीत कंपनीनंच भला थोरला दिलेला होता आणि ह्युंदाईच्या आय-३०-एनमध्येही होता. आपल्या हॅचबॅकच्या मागं मात्र बहुधा टॉर्शन बीम असतो, चाकांचे कोन तो बीमच ठरवतो. तिथं बारमुळं मागच्या दरवाजाची खडखड थोडी कमी होईल, हाताळणीत फरक अपेक्षू नका.

माझा निर्णय असा. नव्या, आखूड नाकाच्या, टॉवर काउलला चिकटलेल्या हॅचबॅकला स्ट्रट बार लागत नाही. टॉवर सुटे असलेल्या, खराब रस्त्यावर रोज धावणाऱ्या किंवा ऑटोक्रॉस, रॅलीत उतरणाऱ्या गाडीला सरळ नळीचा, अखंड वेल्डचा पोलादी बार लावावा. लावल्याच्या दिवशी चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर सगळे नट टॉर्क रेंचनं पुन्हा एकदा तपासा.